खळ्यावरची भरती

माझी बायको शेवंता जायच्या आधी मला दोनदा म्हणाली, "आवं, आता तरी सांगा त्यांना." तिसऱ्यांदा म्हणायला तिच्यात आवाज उरला नव्हता, नुसती माझ्याकडं बघत राहिली. म्हणून हे लिहितोय. आधीची पानं मी नातीच्या आग्रहाखातर लिहिली, त्यात गुऱ्हाळ आलं, जत्रा आली, शाळेतल्या गमती आल्या. हे पान लिहायला कुणी सांगितलं नसतं तर मी लिहिलं नसतं, हे खरं. शाळा माझी सातवीपर्यंत, त्यातली दोन वर्षं एकाच वर्गात काढलेली. शुद्धलेखन नात बघेल. जे वाईट आहे ते मात्र तिनं दुरुस्त करू नये.

कोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. घर साधं, पुढं सोपा, मागं चूल, कडेला म्हशीचा गोठा. सकाळ आवाजानं कळायची. आधी आईच्या जात्याची घरघर, मग म्हशीच्या गळ्यातली घंटा, मग तात्यांच्या वहाणा. आमच्या वडलांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांच्या वहाणा करकरायच्या. सोप्यात सावकाश वाजल्या तर दिवस बरा जायचा, झपझप वाजल्या की आण्णाचं तोंड उतरायचं. आण्णा माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तात्या त्यालाच मारायचे. कासऱ्यानं, काठीनं, हाताला येईल त्यानं. मलाही मारलं असतं, पण मला तोंड होतं. बैल सुटून उसात शिरला की मी लांबनं ओरडत यायचो, "तात्या, बैल सुटलाय, मी आडवला बघा!" आणि बैल नीट बांधला नसायचा मीच. आण्णाला हे जमायचं नाही. तो गप्प उभा राहायचा, आणि गप्प उभ्या राहणाऱ्या माणसाचा तात्यांना लय राग यायचा.

मार झाला की आई हुलग्याचं माडगं करायची. तोंडानं काही बोलायची नाही, तात्यांपुढं तिची छाती नव्हती, पण माडगं करायची आणि आण्णाच्या वाटीत गूळ जास्त टाकायची. चुलीपाशी तो खाली मान घालून फुंकून फुंकून प्यायचा, पाठीवर वळ उठलेले. मी पण प्यायचो, दोन वाट्या. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते, पण तेव्हा गोड लागायचं, खोटं कशाला सांगू.

आमच्या भागात घरटी एक तरी पोरगा पलटणीत असायचा. तात्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "दोन पोरं हायसा. एक रानात, एक पलटणीत. कोण ते मला विचारू नगा. साताऱ्याला भरती लागंल तवा ज्याला घेतील त्यो जाईल, दुसरा बैलामागं." आण्णा आधीपासून पळायचा. पाटाच्या कडेनं असा पळायचा की बगळे उठायच्या आत पुढं गेलेला असायचा. मी बरा होतो, पण नुसता बरा. आम्ही दोघं ओळीत उभे राहिलो तर साहेबाचं बोट कुणाकडं जाणार हे गावातल्या शेळ्यांनाही कळत होतं.

सुगी संपली की खळी मोकळी पडायची, आणि आमची पोरं त्यावर भरती भरवायची. खोटी भरती. हा खेळ आमच्याच गावात होता का आणखी कुठं होता, ठाऊक नाही. जालिंदर नावाचा गडी सुभेदार व्हायचा. तो खऱ्या भरतीतनं तीनदा परत आलेला, दरवेळी छाती अर्धा इंच कमी. पण त्याच्याएवढी भरती कुणाला पाठ नव्हती. लिंबाच्या बुंध्यावर चुन्याची रेघ मारून उंची बघायची, शिंप्याच्या टेपनं छाती मोजायची, चड्डीवर रांग लावायची. खेळात असेस्तोवर कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही, जालिंदरला साब म्हणायचं आणि जो हसेल तो अनफिट. अनफिटानं खळ्याच्या कडेला बसून बाकीच्यांसाठी शेंगा फोडायच्या. डॉक्टर कायम मीच. का, तर मी एक पावसाळा कोरेगावात एका डॉक्टरकडं बाटल्या धुवायला होतो, मला दोनचार इंग्रजी शब्द यायचे आणि डॉक्टर कसा भुवया वर करतो ते यायचं. माझ्याकडं घासलेट ओतायचं नरसाळं होतं. त्याचं तोंड छातीला लावायचं आणि नळी कानात. हसू नका, लय चांगलं ऐकू येतं त्यातनं.

त्या वर्षी खरी भरती आठ दिवसांवर आली होती, म्हणून खेळात हसणारे कमी होते. जालिंदरनं एक नवीन काढलं. तो प्रत्येकाला विचारायचा, "जवान, भरती का व्हायचं हाय?" पोरगं म्हणायचं, "देशासाठी, साब!" मग जालिंदर मिशी नसलेल्या ओठावर बोट फिरवायचा, "ह्ये पेपरातलं झालं. आता खरं बोल."

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "बूट पायजेत, साब. आणि येष्टीतनं उतरल्यावर बायकांनी हांडा खाली ठिवून बघाय पायजे."

सगळी हसली. जालिंदर स्वतःच हसला आणि स्वतःला अनफिट करून दोन शेंगा फोडून परत सुभेदार झाला. पण मी चेष्टेत बोललो नव्हतो. मला तेवढंच पाहिजे होतं. बूट, ट्रंक, आणि लोकांनी बघणं.

मग आण्णा पुढं आला. "देशासाठी, साब."

"आता खरं बोल."

आण्णा चुन्याच्या रेघेला पाठ लावून उभा होता. म्हणाला, "मला हितनं जायचं हाय. आणिक वर्सभर ऱ्हायलो तर एक दिवस तात्यांची काठी माझ्या हातात यील. मग काय हुईल ते मला सांगता येत न्हाई."

कुणी हसलं नाही. जालिंदरला सुभेदारासारखं काय बोलावं सुचेना. तो नुसता म्हणाला, "आण्णा, लेका..." आणि मग सावरून, "डॉक्टरकडं जा, जवान."

परवा सांगलीला मुलाकडं गेलो होतो तर नात प्राची मैत्रिणींना घेऊन हॉलमध्ये बसलेली. चारपाच जणी, फासे, कागद. प्रत्येकीनं एकेक माणूस व्हायचं, कुणी चोर, कुणी वैद्य, आणि प्राची सगळ्यांची गोष्ट हलवणार. कागदावर वर लिहायचं, ह्या माणसाला काय हवंय. त्याखाली, ह्याला गरज कशाची आहे. ती मला म्हणाली, "आजोबा, गंमत इथेच असते. प्रत्येक जण हव्या असलेल्याच्या मागे धावतो, आणि गरजेचं काय आहे ते मला माहीत असतं. मग मी त्यांना खेळवते." मी म्हणालो, "आणि तू खोटं बोललीस तर?" ती म्हणाली, "खेळातलं खोटं खेळातच राहतं ना, आजोबा." मी चहा तसाच ठेवून जिन्यात जाऊन उभा राहिलो. तिच्या आईला वाटलं आजीची आठवण आली. आली होतीच. पण पाय तिथनं हलले ते खळ्यावरच्या नरसाळ्यामुळं.

कारण आण्णा माझ्यापुढं उघड्या छातीनं उभा राहिला, मी नरसाळं लावलं, आणि आत असा ठोका की बैलगाडी पुलावरनं जातीय. एकसारखा, दणदणीत. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. कुठनं आलं, कसं आलं, पन्नास वर्षं झाली तरी मला सांगता येत नाही, पण सगळंच्या सगळं एकदम आलं. मी नरसाळं हलवून जरा डावीकडं लावलं. परत ऐकलं. परत हलवलं. भुवया वर केल्या नाहीत, उलट तोंड पाडलं. आण्णानं हळू विचारलं, "काय रं?" मी उत्तर दिलं नाही. मग एकदम मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "फिट!" आणि त्याच्याकडं न बघता पुढच्याला बोलावलं.

म्हणजे खेळात मी खरं बोललो. लबाडी केली ती घरी जाताना, वाटेत.

पाटाच्या कडेनं आम्ही दोघं चाललो होतो. मला माहीत होतं तो विचारणार, आणि मला हेही माहीत होतं की त्यानं तीनदा विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

"ग्यानू, तू माझं तीनतीनदा का ऐकलंस?"

"कुठं काय. चल, भूक लागलीय."

"ग्यानू."

"खेळ हुता त्यो, आण्णा. सोड की."

तो वाटेत थांबला. "माझ्याकडं बघून बोल. भाऊ म्हणून सांग, डॉक्टर म्हणून नगं."

मग मी भाऊ म्हणून सांगितलं. "ठोका चुकतोय रं आण्णा. दोन पडतात, तिसरा पडत न्हाई. पोरांच्या म्होरं नगं म्हणून मी फिट वरडलो." हे बोलताना मला खरंच रडू आलं. त्या रडण्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. माणूस खोटं बोलतो तेव्हा डोळ्यांनाही ते पटत असणार.

तो पाटाच्या कडेला खाली बसला. म्हणाला, "कोरेगावच्या डॉक्टरला दावू का?"

ह्याची तयारी मी केली नव्हती, तरी उत्तर आलं. "त्यांच्याकडं असाच एक माणूस यायचा. त्याला म्हणालं, औशिद न्हाई, जपून ऱ्हायचं, पळायचं न्हाई, वझं उचलायचं न्हाई. आणि साताऱ्याला लाल शिक्का मारत्यात, आण्णा. सगळ्या भागात व्हतं, ह्याच्या काळजाला भोक हाय म्हणून." भोक हा शब्द मी तिथंच घातला. आण्णानं हात छातीवर ठेवला आणि काढलाच नाही. घरापर्यंत तो चालत आला, एकदाही पळाला नाही.

आठ दिवसांनी मी साताऱ्याला गेलो आणि मला घेतलं. आण्णा आलाच नाही, आईला म्हणाला रानात काम आहे. मी जायच्या दिवशी मात्र येष्टीपर्यंत आला. आईनं भाकरी, खर्डा आणि तिळाची चटणी फडक्यात बांधून दिली होती. ट्रंक उचलायला तो वाकला तर मी सगळ्यांसमोर ओरडलो, "आण्णा, नगं! वझं नगं उचलू!" लोकांनी बघितलं. मला पाहिजे होतं तसंच बघितलं, फक्त माझ्या ट्रंकेकडं नाही, त्याच्याकडं.

पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा आईनं चुलीपाशी बसवून सांगितलं. एकदा तात्यांनी कासरा उगारला, आणि ती मधी पडून ओरडली, त्याच्या काळजाला भोक हाय, मरंल ते! आण्णानं तिला सांगितलं होतं, तात्यांना नव्हतं. तात्यांचा हात वरच राहिला. मग कासरा टाकून बांधावर जाऊन बसले, आणि त्यानंतर त्यांनी आण्णाला बोटही लावलं नाही. हे ऐकून माझ्या जिवाला काय बरं वाटलं म्हणून सांगू. मी मनात म्हणालो, बघ, त्याला गरज होती ती मारातनं सुटका, ती तुझ्यामुळंच झाली. हे वाक्य मी पलटणीत वीस वर्षं उराशी धरून झोपलो. थंडीत, तंबूत, जिथं असेन तिथं.

पण आण्णाचं लग्न राहिलं. लोणंदकडची एक मुलगी सांगून आली, चांगली होती, त्यालाही आवडली होती. तात्यांनी रोग लपवायला सांगितलं. तो बैठकीत उठून सगळ्यांसमोर बोलला, "माझा भरवसा न्हाई. कुणाच्या पोरीचं कुंकू मी पुसणार न्हाई." पुढं कुणी विचारलं नाही. त्याच सोप्यात चार वर्षांनी माझं आणि शेवंताचं लग्न ठरलं. त्यानं नांगर धरला नाही, पण उसाला पाणी द्यायला दारं धरणं, खुरपणं, वैरण, म्हशी, आईचं आजारपण, तात्यांचं म्हातारपण, सगळं सावकाश, जपून, त्यानंच केलं. रोज सकाळी उंबऱ्यावर बसून मनगटावर दोन बोटं ठेवायचा आणि ओठ हलवत ठोके मोजायचा. एखादा चुकतोय का बघायचा. माझी पोरं त्याची नक्कल करायची.

शेवंताला मी पेन्शनवर आल्यावर सांगितलं. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. "माझं लगीन त्या घरात झालं," ती म्हणाली, "ज्या घरात तुमी आसं केलं हुतं." चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली ती एकच, सांगा त्यांना. दर दिवाळीला म्हणायची. मी म्हणायचो, आता सांगून काय उपयोग, उलट धक्का बसंल. ती म्हणायची, "धक्का सोसंल असं काळीज हाय त्यांचं, तुमीच ऐकलंया." मग मी उठून म्हशीकडं जायचो.

गेल्या वर्षी तिला सांगलीच्या दवाखान्यात ठेवली. आण्णा रोज खाली बाकड्यावर बसून असायचा. एक दिवस उपाशी बसून त्याला घेरी आली. पोरसवदा डॉक्टरीणबाईनं लगेच झोपवून त्याच्या काळजाचा कागद काढला, आणखी कसल्या मशीनवर बघितलं, आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं हृदय एकदम ठणठणीत आहे. जेवत जा वेळेवर." शेवंताच्या खोलीत येऊन आण्णा मला म्हणाला, "मशीनला कळलं न्हाई बघ. बाईला वाईट वाटू नये म्हणून मी बोललो न्हाई." मग शेवंताकडं वळून म्हणाला, "आमच्या ग्यानूनं साध्या नरसाळ्यातनं धरलं हुतं." शेवंतानं माझ्याकडं बघितलं. आण्णा खाली गेल्यावर ती ते म्हणाली, आता तरी सांगा. तीन दिवसांनी गेली.

तेरावं झालं, पाव्हणे गेले, मुलगा सांगलीला गेला. घरात आम्ही दोघं म्हातारे. सकाळचं ऊन सोप्यात आलं होतं, आण्णा मनगटावर बोटं ठेवून उंबऱ्यावर बसला होता. मी त्याच्यापुढं जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं. आडवळण घेतलं नाही, नाहीतर मी परत कुठंतरी सटकलो असतो. "आण्णा, ठोका चुकत नव्हता. कवाच नव्हता. मला पलटणीत जायचं हुतं म्हणून मी खोटं बोललो."

त्यानं बोटं काढली नाहीत. मोजत राहिला. मला वाटलं ऐकलं नाही. मग म्हणाला, "शेवंताला ठावं हुतं?"

"व्हय. ती लय वर्सं म्हणत हुती सांगा म्हणून."

"बरी हुती ती."

 आणि मग मी जे बोलायला नको होतं तेच बोललो. पलटणीत उराशी धरलेलं वाक्य. "पर आण्णा, त्यामुळं तात्यांनी तुला मारायचं तरी सोडलं."

तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. "आठ दिस ऱ्हायलं हुतं रं भरतीला, ग्यानू. आठ दिस मार खाल्ला असता मी."

माझी मान खाली गेली ती वर येईना. मी म्हणालो, मार मला, शिव्या दे, घरातनं हाकल. तो म्हणाला, "आता तू मला सांगू नगंस मी काय करायचं ते." मग उठला, खुंटीवरची टोपी घातली, परत काढून ठेवली, आणि खाटेवर बसला. "आज पाण्याची पाळी हाय. उसाला दारं धरायचं हाय. तू जा."

"मी?"

"व्हय. तूच. मी आज बसणार हाय."

तेव्हापासून पाण्याची पाळी आली की मी जातो. ह्या वयात गुडघ्याएवढ्या चिखलात खोरं ओढायचं म्हणजे काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं. आधी सुट्टीवर आलेला, मग पेन्शनवर आलेला माणूस म्हणून मी बांधावर उभा राहायचो. पहिल्या दिवशी मला एक सरी नीट भिजवता आली नाही. इकडं दारं मोडावं तर तिकडं फुटायचं. पायात काटा गेला, पाण्यात पडलो, उठलो. दुपारी बघतो तर आण्णा बांधावर. घरापासनं तिथवर मोठा चढ आहे, तो एका दमात आला होता, कपाळावर घाम आणि तोंड लाल. मी थांबून त्याच्याकडं बघायला लागलो.

"माझ्याकडं काय बघतुयास, गाढवा," तो ओरडला, "पाणी चाललं वड्याला! खालचं दारं मोड!"

मी खोरं घेऊन खाली धावलो. तो बांधावर उभा राहून हातवारे करत राहिला, डावीकडं, आणखी डावीकडं, माती खालनं उचल. सूर्य कलला तरी माझ्या चार सऱ्या राहिल्या होत्या. त्याच्या हातानं त्या घटकेत झाल्या असत्या. पण त्यानं माझ्या हातातलं खोरं घेतलं नाही.